चहा थकवा घालवीत नाही, थकवा लपवितो



गळीत हंगामाच्या दिवसांत आपल्या भागातल्या कोणत्याही ओलिताच्या वावरात रात्री अकरानंतर चक्कर मारली तर एकच चित्र दिसते. लाईन रात्रीची आलेली असते. मोटर सुरू असते. डोक्याला मफलर गुंडाळलेला शेतकरी हातात बॅटरी घेऊन सरीच्या तोंडाशी उभा असतो आणि धुऱ्यावर तीन दगडांच्या चुलीवर चहाचा गंज ठेवलेला असतो. आपण विचारावे, "काहून भाऊ, झोप येत नाही काय?" तर उत्तर ठरलेले: "येते तं खरी, पण चाय घेतली की पळते."

ही झोप पळते म्हणजे नेमकी जाते कुठे? आणि गेलेली झोप परत केव्हा येते? हा प्रश्न वरवर थट्टेचा वाटेल. पण रात्रभर ओलित करून सकाळी ट्रॅक्टरवर बसणाऱ्या माणसाला, ऊस भरून कारखान्याच्या रस्त्याला लागलेल्या बंडीवानाला आणि त्यांच्या घरच्या माणसांना तो थट्टेचा नाही. म्हणून या अंकात उसाचे बेणे आणि खताची मात्रा बाजूला ठेवून चहा-कॉफीतल्या कॅफिन नावाच्या द्रव्याविषयी चार गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आधीच सांगून टाकतो, आम्ही चहाचे विरोधक नाही. हा मजकूर लिहिताना आमच्या शेजारीही कपबशी आहे. शिवाय आपण पडलो साखरवाले. चहा बंद झाला तर साखरेचे काय होईल हे आम्हांस ठाऊक आहे. पण ज्या वस्तूशी दिवसातून पाच-सहा वेळा गाठ पडते, तिचा स्वभाव माहीत असलेला बरा.

झाडाची फवारणी, माणसाची तरतरी

कॅफिन हे पांढरे, चवीला कडू असे द्रव्य आहे. चहाच्या पानात, कॉफीच्या बीत आणि थोड्या प्रमाणात कोकोच्या बीत ते असते. १८१९ साली रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते कॉफीच्या बियांतून प्रथम वेगळे काढले. त्या बिया त्याला थोर जर्मन कवी गटे याने दिल्या होत्या. पुढे १८२७ साली चहाच्या पानातूनही असेच एक द्रव्य निघाले व त्याला निराळे नाव देण्यात आले. काही वर्षांनी दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे सिद्ध झाले. तेव्हा "कॉफी उष्ण, चहा सौम्य" असे आपण म्हणत असलो तरी दोहोंतला मुख्य घटक एकच, फरक फक्त प्रमाणाचा.

झाडांनी हे द्रव्य काही माणसाला तरतरी यावी म्हणून केलेले नाही. कपाशीवर बोंडअळी आली की आपण पंप पाठीवर घेतो. ज्या झाडाला पंप घेता येत नाही त्याने आपली फवारणी आपल्या पानातच तयार केली, एवढाच त्याचा अर्थ. १९८४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे शास्त्रज्ञ जेम्स नॅथनसन यांनी प्रयोगाने दाखविले की चहा-कॉफीत असते तेवढे कॅफिन पोटात गेले तर अळ्यांचे खाणे बिघडते व त्या मरतात.

याच गोष्टीची दुसरी बाजू आपल्या संत्रा बागायतदारांना अधिक गोड वाटेल. २०१३ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या जेराल्डिन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीच्या आणि संत्रा-लिंबू वर्गातल्या झाडांच्या फुलांतला मकरंद तपासला. त्यातही कॅफिन आढळले, पण अगदी थोडे, कडू लागणार नाही इतपत. एवढ्या मात्रेने मधमाशी मरत नाही. उलट त्या फुलाचा वास तिच्या अधिक काळ लक्षात राहतो आणि ती पुन्हा तिथेच येते. वरूड-मोर्शीकडे ज्या वर्गाच्या बागा दूरवर पसरल्या आहेत, त्याच वर्गाच्या झाडांची ही करामत आहे. अळीला मोठा डोस, मधमाशीला लहान डोस. द्रव्य एकच, प्रमाण बदलले की परिणाम बदलला. माणसाच्या बाबतीतही सारी गोम प्रमाणातच आहे.

चहा आपल्या घरात आला कसा

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी पाहुणा आला की गूळपाणी पुढे येई. चहा हे नंतरचे प्रकरण. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचली, ती आपल्याकडचा कापूस न्यायला. विसाव्या शतकात त्याच रुळांवरून चहा आला. १९०३ साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसविणारा कायदा झाला आणि त्या पैशातून चहाच्या प्रसाराचे काम सुरू झाले. पुढे हा प्रसार हिंदुस्थानातही जोरात झाला. रेल्वे स्टेशनांवर ठेले लागले, गिरण्यांत आणि खाणींत कामगारांना चहा मिळू लागला. १९३० च्या सुमारास आसामात दाणेदार सीटीसी चहा करण्याचे यंत्र निघाले. हा चहा चिमूटभर टाकला तरी रंग आणि कडकपणा देतो, म्हणून स्वस्त पडतो. गरिबाच्या घरी चहा पोचला तो मुख्यत्वे या दाणेदार भुकटीमुळे.

कॉफी मात्र आपल्याकडे पिण्यात कमी, पण पिकण्यात आहे. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे महाराष्ट्रात कॉफी पिकणारे ठिकाण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या मेळघाटच्या थंड हवेत ती होते. परतवाड्याहून घाट चढून गेलेल्या आपल्या सभासदांपैकी किती जणांनी कॉफीचे झाड पाहिले असेल, हा प्रश्नच आहे. पुढच्या खेपेस गेलात तर जरूर पाहा.

काट्यावरची रिकामी बंडी

आता मुख्य मुद्दा. चहा पोटात गेल्यावर पाऊण तासाच्या आत त्यातले बहुतेक सारे कॅफिन रक्तात उतरते आणि रक्तातून मेंदूत पोचते. तिथे ते काय करते हे समजण्यासाठी आपल्या कारखान्याच्या वजनकाट्यापाशी चला.

शरीर जे काही काम करते, मग ते पाणी वळविणे असो, हिशेब करणे असो की नुसते जागे राहणे असो, त्यासाठी पेशींमध्ये एक रोख चलन खर्च होते. शास्त्रज्ञ त्याला एटीपी म्हणतात. हे चलन खर्च होता होता ॲडेनोसिन नावाचे द्रव्य मागे उरते. दिवसभर आपण जागे असतो तसतसे मेंदूत ॲडेनोसिन साठत जाते. मेंदूच्या पेशींवर या ॲडेनोसिनची नोंद घेणाऱ्या जागा आहेत. त्यांना आपण काटे म्हणू. ॲडेनोसिन म्हणजे उसाने भरलेली बंडी. बंडी काट्यावर आली की नोंद होते, "एवढे काम झाले, आता सावकाश घ्या." अशा नोंदी वाढत गेल्या की डोळे जड होतात, जांभया येतात आणि माणूस झोपतो. झोपेत हा साठा ओसरतो, आवार रिकामे होते आणि सकाळी आपण ताजेतवाने उठतो.

कॅफिनची बांधणी ॲडेनोसिनशी बरीच मिळतीजुळती आहे. म्हणून ते त्याच काट्यावर जाऊन बसते. पण ही बंडी रिकामी. तिची नोंद होत नाही आणि ती जागाही सोडत नाही. मागे भरलेल्या बंड्यांची रांग लागलेली असते, आवारात पाय ठेवायला जागा नसते, आणि आत कचेरीत बसलेल्या बाबूला मात्र वाटते की आज ऊस आलाच नाही!

तरतरी म्हणजे नेमके हेच. चहाने ताकद दिलेली नसते. चहाने थकवाही काढलेला नसतो. थकव्याची बातमी मेंदूपर्यंत पोचू दिलेली नसते, इतकेच. ॲडेनोसिनचा लगाम सुटल्यामुळे मेंदूतली उत्साह देणारी इतर द्रव्ये मोकळेपणी काम करतात, ॲड्रेनॅलिन थोडे वाढते, लक्ष टिकते, हात चपळ होतो. हा लाभ खरा आहे आणि कामाच्या वेळी तो उपयोगीही पडतो. पण आवारातल्या बंड्या कमी झालेल्या नसतात. रिकामी बंडी काट्यावरून हलली की साऱ्या एकदम काट्याकडे धावतात. चहाचा जोर उतरल्यावर पेंग येते ती अशी. पळालेली झोप कुठेही गेलेली नसते, ती दाराबाहेर उभी असते.

एक कप किती वेळ मुक्कामाला असतो

आपली समजूत अशी की चहाचा असर तास-दीड तास. प्रत्यक्षात निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातून घेतलेले निम्मे कॅफिन बाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. उरलेल्याचे निम्मे आणखी पाच तासांनी. म्हणजे रात्री नऊ वाजता दोन कप चहातून १०० मिलीग्रॅम कॅफिन पोटात गेले, तर रात्री दोन वाजता ५० मिलीग्रॅम शिल्लक राहते आणि सकाळी सातला २५. तेवढ्यात आपण सकाळचा चहा घेतोच. सोसायटीच्या कर्जासारखे हे आहे. जुने फिटायच्या आत नवे काढले की खाते कधी कोरे होत नाही.

२०१३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. त्यात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलीग्रॅम कॅफिन दिले, तरी रात्रीची झोप तासाभराहून अधिक कमी झाली. शिवाय कॅफिनने झोपेची केवळ लांबी कमी होते असे नाही, गाढ झोपेचा वाटाही घटतो. "मी तं चाय पिऊन बी घोरत पडतो," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते घोरतात हे खरे, पण त्यांची झोप किती खोल आहे हे घोरण्यावरून कळत नाही. सकाळी उठल्यावर अंग आंबलेले वाटते, मग पुन्हा चहा लागतो, आणि असे चाक फिरत राहते.

हा पाच तासांचा हिशेबही सर्वांना सारखा नाही. कॅफिनचा निकाल लावण्याचे काम यकृत करते, आणि कोणाचे यकृत हे काम झपाट्याने करते तर कोणाचे सावकाश. म्हणून एकाच घरातल्या दोन भावांपैकी एक रात्री दहाला चहा घेऊन झोपतो आणि दुसरा चारच्या चहाने जागा राहतो. यात कोणाचे नाटक नसते.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या यकृतात हे काम जवळजवळ दुप्पट वेगाने होते, म्हणून त्याला चहा "चढत" नाही. पण यात एक मेख आहे. असा माणूस बिडी सोडतो तेव्हा तेवढ्याच चहातले कॅफिन रक्तात पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त राहते. त्याला घबराट होते, झोप लागत नाही, आणि "बिडी सोडली म्हणून असं होते" असे समजून तो पुन्हा बिडीकडे वळतो. बिडी सोडणाऱ्या सभासदांनी त्याच वेळी चहाही निम्मा करावा. सोडणे पुष्कळ सोपे जाईल.

गरोदर स्त्रीच्या शरीरात शेवटच्या महिन्यांत निम्मे कॅफिन जायला पंधरा तासांपर्यंत लागू शकतात. ते वारेतून बाळापर्यंत पोचते, आणि बाळाच्या यकृताला त्याचा निकाल लावता येत नाही. म्हणून दिवसाकाठी ३०० मिलीग्रॅमच्या वर कॅफिन घेणाऱ्या गरोदर स्त्रियांनी ते कमी करावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि अनेक देशांत तर २०० मिलीग्रॅमचीच मर्यादा घातली आहे. घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर तिच्या हाती दिवसात दोन कपांवर तिसरा देऊ नये, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी पाहावे.

गंमत अशी की हेच कॅफिन औषधही आहे. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळांचा श्वास मधूनच थांबतो. अशा बाळांना दवाखान्यात कॅफिन सायट्रेट हे औषध मोजून देतात, आणि त्याने श्वास चालू राहण्यास मदत होते. मात्र हे काम डॉक्टरांचे. म्हणून घरी लेकराच्या तोंडी चहाचे बोट लावू नये.

चहा चुकला की डोके का धरते

शरीर मोठे हुशार आहे. काट्यावर रोजच रिकाम्या बंड्या अडून बसतात हे लक्षात आले की ते नवे काटे बसविते. काही दिवसांनी पूर्वीच्या एका कपाने येणारी तरतरी यायला दोन कप लागतात. यालाच आपण सवय लागली म्हणतो. मग एखाद्या दिवशी चहा चुकला तर सगळे काटे मोकळे, आणि दाराशी थांबलेल्या साऱ्या बंड्या एकाच वेळी आत येतात. कॅफिनमुळे आकसून राहण्याची सवय झालेल्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या आता रुंदावतात. डोके ठणकते, चिडचिड होते, कामात मन लागत नाही.

ही डोकेदुखी साधारणपणे शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत सुरू होते, एक-दोन दिवस जोरात असते आणि दोन ते नऊ दिवसांत आपोआप ओसरते. हरतालिकेच्या निर्जळी उपवासात आपल्या आयाबहिणींचे डोके दुपारनंतर दुखू लागते, त्यात उपाशीपणा आणि तहान आहेच, पण चुकलेला चहाही आहे. दवाखान्यात भरती केलेल्या म्हाताऱ्या माणसाचे डोके दुसऱ्या दिवशी दुखू लागले तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे की "हे दिवसाला आठ कप घेत होते."

म्हणून चहा एकदम सोडण्याचा पण करू नये. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करावा. काटे हळूहळू आपोआप कमी होतात.

रात्रीचे ओलित आणि सकाळचा रस्ता

आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. रात्री सहा कप चहावर जागलेला माणूस सकाळी स्वतःला ठीक समजतो. त्याची समजूत प्रामाणिक असते, कारण थकव्याची नोंदच झालेली नसते. तो ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतो आणि रस्त्याला लागतो. सकाळी आठ-नऊच्या सुमारास ऊन अंगावर येते, इंजिनाचा एकसुरी आवाज कानात असतो, रात्रीच्या चहाचा जोर उतरलेला असतो. दाराशी उभी असलेली झोप नेमकी याच वेळी आत येते. ती विचारून येत नाही. दोन-तीन सेकंद डोळा लागला तरी तेवढ्यात भरलेली ट्रॉली रस्ता सोडते. समोरून शाळेची मुले येत असतील तर पुढचे आम्ही लिहीत नाही.

कितीही कडक चहा झोपेची जागा घेऊ शकत नाही, हे एक वाक्य या अंकातून प्रत्येकाने लक्षात ठेवले तरी आमच्या लिहिण्याचे चीज झाले.

ज्यांना जागल्याशिवाय गत्यंतर नाही त्यांच्यासाठी एक उपाय मात्र सांगण्यासारखा आहे. १९९७ साली इंग्लंडमध्ये पेंग आलेल्या वाहनचालकांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की आधी कॉफी पिऊन लगेच पंधरा मिनिटांची डुलकी काढली तर नुसत्या कॉफीपेक्षा चुका कमी होतात. कारण सरळ आहे. कॅफिन मेंदूत पोचून जोर धरायला साधारण अर्धा तास लागतो. तेवढ्यात डुलकीने आवारातल्या काही बंड्या रिकाम्या होतात. तेव्हा कारखान्याच्या अड्ड्यावर नंबर लागेपर्यंत चहा घेऊन गप्पांत वेळ घालविण्यापेक्षा, चहा घेऊन सरळ पंधरा-वीस मिनिटे आडवे व्हावे. बाजूच्या गाडीवानाला "नंबर आला की उठव रे बाप्पा" असे सांगून ठेवावे. मात्र ही मलमपट्टी आहे. रात्रभर ओलित केलेल्याने सकाळी गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी, हाच खरा उपाय.

जेवण आणि चहा यांची फारकत करा

आता जो मुद्दा सांगतो त्यातला दोष कॅफिनचा नाही, चहातल्या टॅनिन वर्गातल्या तुरट द्रव्यांचा आहे. पण तो वगळला तर आयाबहिणींवर अन्याय होईल. डाळ, भाजी, भाकरी यांत लोह असते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ही तुरट द्रव्ये लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. त्याची कारणे पुष्कळ आहेत, सारा दोष चहावर ढकलता येणार नाही. पण ज्या बाईच्या ताटात मुळातच लोह थोडे आहे, तिचे तेही थोडे चहाने अडवावे हे बरे नव्हे.

आपल्या फडात ऊस तोडणाऱ्या बाया पहाटे उठून काळ्या चहात शिळी भाकरी बुडवून खातात आणि कोयता घेऊन उभ्या राहतात. त्यांना कोणी मुद्दाम सांगायला जात नाही. हे सांगण्याचे काम ज्याच्या वावरात तोड चालू आहे त्या सभासदाच्या घरच्या माणसांनी केले तर मोठे पुण्य लागेल.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. लोहाची गोळी चालू असेल तर तीही चहाबरोबर घेऊ नये. उलट जेवणात लिंबू पिळले किंवा जेवणानंतर एखादे संत्रे खाल्ले तर त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागायला मदत होते. संत्र्याच्या मुलखात राहून हे करायचे नाही, तर मग कोणी करायचे?

साखरवाल्यांनी साखरेविषयी खरे बोलावे

कॅफिनचा हिशेब करताना आपल्या साखरेचाही करायला हवा. चहाचा चमचा साधारण पाच ग्रॅमचा. कपाला दोन चमचे धरले तर सहा कपांत ६० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाने वरून घेतलेली साखर दिवसाकाठी सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक चांगले. म्हणजे नुसत्या चहातच मर्यादा ओलांडली जाते, पेढा-लाडू वेगळाच.

आपल्याच मालाविषयी असे लिहिणे काहींना रुचणार नाही. पण आपली साखर विकली जावी म्हणून आपल्याच सभासदाला मधुमेह व्हावा, असा सहकाराचा अर्थ आम्ही तरी शिकलो नाही. मधुमेही सभासदांनी चहा सोडण्याची गरज नाही. साखर सोडावी.

मग प्यावा तरी किती?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या त्याच सूचनांप्रमाणे १५० मिलीलिटरच्या एका कपात चहा असेल तर ३० ते ६५ मिलीग्रॅम कॅफिन असते. झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि बी दळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलीग्रॅम. दिवसाची मर्यादा ३०० मिलीग्रॅम सांगितली आहे. आपल्या घरच्या मोठ्या कपाने मोजले तर चार-पाच कप झाले. टपरीवरची कट लहान असते, पण ती खूप उकळलेली असते आणि दिवसात किती झाल्या याची मोजदाद राहत नाही.

या मर्यादेत राहणाऱ्या निरोगी माणसाला चहा-कॉफीचे भय बाळगण्याचे कारण नाही. बेताने कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे विकार आणि कंपवात कमी आढळतात, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. चहाने अंगातले पाणी आटते ही भीतीही फारशी खरी नाही. लघवी थोडी वाढते, पण कपातले बहुतेक पाणी अंगी लागतेच. त्रास होतो तो मर्यादा ओलांडल्यावर. छातीत धडधड होते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो, रिकाम्या पोटी घेतला तर आंबट ढेकर येऊन छातीत जळजळते. कॅफिनने रक्तदाबही काही काळ थोडा चढतो. म्हणून रक्तदाब तपासायला जाण्याआधी अर्धा तास तरी चहा घेऊ नये, नाहीतर आकडा खोटा येतो.

तरुण पोरांसाठी एक सूचना. अलीकडे गावोगावच्या दुकानांत ताकदीच्या नावाखाली थंड पेयांचे डबे आणि बाटल्या मिळतात. सरकारी नियमाने अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलीग्रॅम कॅफिन असू शकते आणि ते लहान मुलांसाठी व गरोदर स्त्रियांसाठी योग्य नसल्याचे डब्यावर छापावे लागते. ताकद त्यातही नाही. आहे ती तीच रिकामी बंडी, वर साखर. दारूत ते मिसळून पिणे तर अधिकच वाईट, कारण चढलेली दारू कळत नाही आणि माणूस मोटारसायकलवर बसतो.

लहान मुलांना चहा देऊच नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. सकाळी लेकराच्या हाती चहात बुडविलेले बिस्कीट देण्यापेक्षा अर्धी भाकर आणि वाटीभर दूध दिले तर त्याची झोप, भूक आणि रक्त तिन्ही राखली जातील.

थोडक्यात

सकाळचा पहिला चहा काहीतरी खाऊन घ्यावा. दुपारी तीन-चारनंतर, ज्या रात्री झोपायचे आहे त्या दिवशी, चहा टाळावा. रात्रीचे ओलित असेल तर चहा पहिल्या प्रहरी घ्यावा, पहाटे नको, म्हणजे सकाळी घरी आल्यावर झोप लागेल. जेवण आणि चहा यांत तासाचे अंतर ठेवावे. साखर एक चमच्यावर आणावी. आणि पेंग येत असताना चहाच्या भरवशावर गाडी हाकू नये.

दाराशी चहा मागण्याची आणि पाजण्याची रीत आपल्या वऱ्हाडात मायेची आहे. "चाय तं घ्या" म्हणणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे आम्हीही जाणतो. तेव्हा अर्धी कट घ्यावी आणि बाकीची अर्धी माया गप्पांत वसूल करावी. पण धुऱ्यावर बॅटरी घेऊन उभ्या असलेल्या आपल्या घरच्या माणसाला पहाटे फोन करून "अजून एक कप घे" म्हणण्याऐवजी "ये आता घरी, झोप, ट्रॅक्टर मी नेतो" म्हणणारे कोणी असेल, तर त्याहून कडक चहा नाही.

हंगाम सर्वांस सुखरूप जावो, हीच सदिच्छा.